छोटे विनोदी व्हिडिओ : थोडक्यात

सुरुवात
१८९५. ल्युमिए बंधूंचा मूकपट, एका मिनिटाच्या आतला. माळी झाडांना पाणी घालतो. पोरगा पाइपवर पाय देतो, पाणी थांबतं. माळी पाइपच्या तोंडात डोकावतो. पोरगा पाय उचलतो. फवारा थेट तोंडावर.

टप्पे
• २००५ : यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ, २३ एप्रिल. लांबी १९ सेकंद.
• २०१३ : ‘वाइन’ अ‍ॅप सुरू. मर्यादा ६ सेकंद.
• २०२० : जूनअखेर भारतात टिकटॉकवर बंदी. जुलैत इन्स्टाग्राम रील्स, सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्स भारतात दाखल. दोन्हींची सुरुवातीची मर्यादा १५ सेकंद.
• २०२४ : शॉर्ट्सची मर्यादा ३ मिनिटांवर.

घडण
• हुक : पहिल्या काही सेकंदांतली पकड.
• उभारणी : पात्र, प्रसंग, अपेक्षा.
• पंच : अपेक्षेला कलाटणी, लगेच कट.
• लूप : शेवट सुरुवातीला जुळतो, व्हिडिओ पुन्हा चालतो.

पुढे का पाठवला जातो?
• ओळखीचा प्रसंग : ‘पोहोचलास की फोन कर’ म्हणणारी आई. व्हिडिओ लगेच फॅमिली ग्रुपवर.
• सबटायटल्स : लोकलच्या गर्दीत, आवाज बंद ठेवूनही विनोद कळतो.
• तयार ऑडिओ : तोच संवाद, प्रत्येकाचा नवा अभिनय.

फरक
• स्किट : लिहिलेला, अभिनीत प्रसंग.
• स्टँडअप क्लिप : रंगमंचावरच्या कार्यक्रमातला तुकडा.
• मीम : लोक बदलून पुन्हा वापरतात तो साचा, चित्र, वाक्य किंवा व्हिडिओ.
• व्हायरल : प्रेक्षकांनीच झपाट्याने पसरवलेला. पैसे भरून वाढवलेले व्ह्यूज वेगळे.