बिऱ्हाड बदलतांना ब्रॉडबँडची जोडणी

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण आहे. मनुष्याचें बिऱ्हाड मात्र पाठीवर मावत नाहीं. घर बदलावयाचें म्हणजे केवळ भांडींकुंडीं व कपाटें हलवून भागत नाहीं; वीज, गॅस, दूध व वर्तमानपत्र यांचीहि नव्यानें व्यवस्था लावावी लागते. त्यांत आतां ब्रॉडबँडची भर पडली आहे, आणि ही भर क्षुल्लक नव्हे. घरांतील कोणी घरीं बसूनच कचेरीचें काम करीत असतो, मुलीला परीक्षेचा अर्ज भरावयाचा असतो, आणि आजीला रविवारीं परदेशांतील नातवाचें तोंड पाहावयाचें असतें. आठ दिवस जोडणी नसली तर एकाची रोजी बुडते व दुसऱ्याची मुदत टळते.

आपल्या देशांत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू केली. त्या वेळीं ती टेलिफोनच्या तारेवरून क्रमांक फिरवून घ्यावी लागे, आणि तेवढा वेळ टेलिफोन अडून राही. २००४ सालच्या सरकारी धोरणानें सेकंदाला २५६ किलोबिट वेगाच्या जोडणीस ब्रॉडबँड म्हटलें. २०२३ मध्यें ही किमान मर्यादा २ मेगाबिटवर नेण्यांत आली. आज शहरांत बहुधा काचेचा तंतू, म्हणजे फायबर, घरापर्यंत येतो. तांब्याच्या तारेंतून विजेचे संदेश जातात व अंतर वाढेल तसे ते क्षीण होतात. केसासारख्या बारीक काचतंतूंतून प्रकाश जातो व तो कित्येक मैल फारसा मंद होत नाहीं. हा तंतू घरांतील एका लहान पेटींत संपतो. तेथें प्रकाशाचें पुन्हा विजेच्या संदेशांत रूपांतर होतें आणि राउटर तें घरभर पसरवितो.

नव्या घरीं जातांना पहिला प्रश्न असा कीं, जुनीच जोडणी तेथें हलवावी कीं नवी कंपनी धरावी? याचें उत्तर आपल्या आवडीवर नसून इमारतीवर अवलंबून असतें. ज्या कंपनीचा तंतू जिन्याच्या वाहिनींतून वर आलेला नाहीं, तिची जाहिरात कितीहि मोहक असली तरी निरुपयोगी होय. कित्येक इमारतींत एकाच कंपनीची वा एकाच केबलवाल्याची सोय असते. दुसऱ्यास आंत येण्याची परवानगीच मिळालेली नसते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, २०२४ मध्यें इमारतींना अशा सोयींवरून श्रेणी देण्याचे विनियम केले. तथापि आज प्रत्येक इमारतीस श्रेणी मिळालेली नाहीं. म्हणून करारावर सही करण्यापूर्वींच वरच्या व खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांस विचारावें: कोणती कंपनी आहे, पावसाळ्यांत किती वेळां बंद पडते, आणि तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांनीं येतो? या तीन उत्तरांची किंमत कोणत्याहि छापील पत्रकाहून अधिक असते.

दुसरा प्रश्न वेगाचा. जाहिरातींत वेग मेगाबिटमध्यें सांगतात, आणि आपण चित्रें व चित्रपट मोजतों मेगाबाइटमध्यें. आठ बिटांचा एक बाइट होतो. तेव्हां सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट. एक गिगाबाइटचा चित्रपट उतरवून घेण्यास, सर्व कांहीं सुरळीत असतां, ऐंशी सेकंद लागतील. शिवाय हा वेग पेटीपर्यंतचा असतो. पुढें वाय-फायची लहर भिंती ओलांडतांना दुर्बळ होते. तिच्या दोन प्रचलित पट्ट्यांपैकीं २.४ गिगाहर्ट्‌झची भिंतींतून अधिक लांब जाते, ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान असते पण लवकर थकते. राउटर घराच्या मध्यभागीं, उंचावर व उघड्यावर ठेवावा. कपाटांत कोंडूं नये. तंतू कोठून आणावयाचा हें रंगकाम व फर्निचर होण्यापूर्वीं ठरविलें तर पुढें भिंत फोडावी लागत नाहीं.

तिसरा प्रश्न पैशाचा. दर सांगतांना बहुधा कर वगळलेला असतो. महिना ६०० रुपये म्हटले तर १८ टक्के जीएसटी धरून ७०८ होतात. ठराविक मर्यादेपलीकडे वापर गेल्यास वेग कमी केला जातो काय, हेंहि विचारावें. भाडेकरूनें आणखी एक हिशेब करावा. आपल्याकडे घरभाड्याचे करार बहुधा अकरा महिन्यांचे असतात. सवलतीच्या लोभानें बारा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले आणि करार वाढला नाहीं, तर शेवटच्या महिन्याचे पैसे बुडण्याचा संभव असतो.

या सर्वांहून हळवा प्रश्न टेलिफोनच्या क्रमांकाचा आहे. मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर झाली. घरच्या लँडलाइनला ती सोय नाहीं. त्याच गावांत तीच कंपनी ठेवली तर क्रमांक राहूं शकतो, म्हणून तें आधीं विचारून घ्यावें. कंपनी बदलली कीं तो गेला. तीस वर्षें एकाच क्रमांकावर नातेवाईकांचे फोन घेणाऱ्या वृद्धांस ही गोष्ट लहान वाटत नाहीं, आणि ती लहान नाहींहि. ज्यांच्या वहींत जुनाच आंकडा आहे, त्यांस कोणीं सांगितलें नाहीं तर तीं माणसें कायमचीं तुटतात. म्हणून आजोबांची टिपणवही उघडून, त्यांच्या शेजारीं बसून, जुना क्रमांक चालूं असतांनाच एकेकास नवा कळवावा. बँक, विमा व दवाखाना यांनाहि कळवावें. जुन्या कंपनीनें दिलेला ई-मेलचा पत्ता असल्यास त्याचीहि हीच गत समजावी.

आतां कामाचा क्रम. आधीं नवी जोडणी घ्यावी, चार दिवस चालवून पाहावी आणि मगच जुनी बंद करावी. वरच्या हिशेबानें पंधरा दिवसांचें दुहेरी भाडें ३५४ रुपये होतें. हुकलेल्या परीक्षेपुढें तें कांहींच नव्हे. तें शक्य नसल्यास मोबाइलच्या इंटरनेटवर मधले दिवस काढण्याची तयारी ठेवावी. नव्या राउटरला जुनेंच नांव व जुनाच परवलीचा शब्द दिला तर घरांतील बहुतेक यंत्रें आपोआप जोडलीं जातात.

पैसे भरणें थांबविलें म्हणजे जोडणी बंद झाली, अशी समजूत करून घेऊं नये. महिनाअखेरच्या बिलाची पद्धत असेल तर बिल चढत राहतें. बंद करण्याची विनंति लेखी करावी, तिचा क्रमांक टिपावा, पेटी व राउटर परत देतांना पावती घ्यावी आणि अनामत रक्कम मागावी. तक्रार आधीं कंपनीच्या तक्रार केंद्राकडे व नंतर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे न्यावी लागते. ट्राय एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करीत नाहीं. मात्र दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढें चालूं शकतात, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ मध्यें स्पष्ट केलें आहे. तेथें उपयोगी पडते ती जपून ठेवलेली पावतीच.

पूर्वीं घर बदलणारा शहाणा गृहस्थ पोस्टांत नवा पत्ता देऊन येई, म्हणजे मागून येणारें पत्र वाट चुकत नसे. साधनें बदललीं, कर्तव्य तेंच राहिलें आहे. सामानाची गाडी दाराशीं येण्यापूर्वीं पंधरा दिवस ही तजवीज केली, तर नव्या घरांत दिवा लागतो त्याच संध्याकाळीं आपलीं माणसेंहि भेटतात.