पिस्ता, व्हाया दुबई

मशीद बंदरच्या एका सुक्या मेव्याच्या पेढीवर मी तीस वर्षं खतावण्या लिहिल्या. २०१२ साली एका सकाळी बँकेतून फोन आला : केरमानच्या पिस्त्याचे पैसे पाठवता येणार नाहीत. माल चोख, कागद चोख, पण बँकेला इराणचं नावच नको होतं. त्याच मार्चमध्ये ‘स्विफ्ट’ने, म्हणजे बँकांच्या आपापसातल्या निरोप-यंत्रणेने, इराणी बँकांना बाहेर काढलं होतं.

शेठ म्हणाले, “दुबईवाल्याला लावा फोन.” पुढच्या खेपेला तोच पिस्ता दुबईच्या बिलावर आला, चढ्या भावाने. ती वाढ ना बागायतदाराला मिळाली ना आम्हाला. मधला गब्बर झाला.

निर्बंधांनी हुकूमशाही सरकारं वठणीवर येतात का, असं कुणी विचारलं की मला ते बिल आठवतं. निर्बंध झोंबतात, यात वाद नाही. २०११ साली इराण रोज सुमारे २५ लाख पिंपं तेल निर्यात करत होता. दोन वर्षांत ते निम्म्याहून खाली आलं. रियाल कोसळला. पण झळ बसते कुणाला? औषधांना कागदोपत्री सूट होती, तरी त्यांचे पैसे फिरवायला बँका धजेनात. आमच्या पिस्त्याचं झालं तेच तिथल्या रोग्यांच्या गोळ्यांचं. उलट क्रांतिरक्षक दलासारख्या सत्तेच्या माणसांना चोरवाटा पाठ असतात. टंचाई म्हणजे त्यांचा हंगाम.

मग निर्बंध फुकटच का? तसंही नाही. २०१३ मध्ये निर्बंधांतून सुटकेचं आश्वासन देत हसन रूहानी इराणच्या अध्यक्षपदी निवडून आले. १४ जुलै २०१५ला व्हिएन्नात इराणशी अणुकरार झाला. युरेनियमचं शुद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर थांबवायचं, साठा ३०० किलोच्या आत ठेवायचा. बदल्यात निर्बंध उठणार. हे जमलं, कारण अमेरिका आणि युरोप एकत्र होते, भारतासारख्या गिऱ्हाइकांनीही तेलखरेदी घटवली होती, आणि मागणी बेताची होती. ‘गादी सोडा’ असं कुणी म्हटलं नव्हतं.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक इराण करार पाळतोय असं सांगत असतानाच, ८ मे २०१८ला ट्रम्प करारातून बाहेर पडले. निर्बंध परत आले, आधीपेक्षा कडक. मे २०१९ पासून भारताने इराणी तेल घेणं थांबवलं. आपल्या बासमतीवाल्यांची त्यामुळे पंचाईत झाली. त्यांचे पैसे तेलापोटी युको बँकेत साठलेल्या रुपयांतून मिळत, आणि आता तो हौदच आटू लागला. इराण नमला का? एप्रिल २०२१ मध्ये त्याने शुद्धीकरण ६० टक्क्यांवर नेलं. जून २०२५ मध्ये अमेरिकेने फोर्डो, नतांझ, इस्फहानवर बॉम्ब टाकले. निर्बंधांनी काम झालं असतं, तर विमानं कशाला लागली असती?

निर्बंधांनी वर्णभेदी सरकार नमलं, असा दक्षिण आफ्रिकेचा दाखला लोक हमखास देतात. पण तिथे गोऱ्यांपुरती का होईना, खरी मतपेटी होती. धंदा बुडणारा गोरा मतदार सरकारला जाब विचारू शकत होता, आणि देशातला कृष्णवर्णीयांचा लढा तर धगधगतच होता. सद्दामच्या इराकमध्ये असं काही नव्हतं. तेरा वर्षांच्या निर्बंधांत लोक खंगले, तो तसाच राहिला. गेला तो २००३च्या फौजांमुळे.

परक्याच्या दट्ट्याने माणूस अडूनही बसतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे. मे १९९८ मध्ये पोखरणनंतर अमेरिकेने आपल्यावर निर्बंध लादले, तेव्हा आमच्या पेढीवर शेठनी पेढे वाटले होते.

शेठ उधारीत मुरलेले होते. थकलेल्या गिऱ्हाइकाला ते झेपेल एवढाच हप्ता बांधून देत, आणि पैसे आले की त्याच्यादेखत वहीतलं नाव खोडायला लावत. मी एकदा म्हटलं, “संध्याकाळी खोडतो.” ते म्हणाले, “आत्ता. हप्ता भरूनही नाव तसंच दिसलं, तर पुढच्या खेपेला तो येईल कशाला?”