घरच्या सेवेचे कापलेले तास

गरीब वृद्धांना आणि अपंगांना नर्सिंग होममध्ये न जाता घरीच राहता यावं, म्हणून कॅलिफोर्नियात ‘इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस’ ही सरकारी योजना आहे. काउंटीचा माणूस घरी येऊन आंघोळ, स्वयंपाक, खाटेवरून खुर्चीत बसवणं अशा एकेका कामाला किती वेळ लागतो ते पाहतो आणि महिन्याचे तास ठरवून देतो. मदतनीस लाभार्थ्यानेच निवडायची. पुष्कळदा ती घरचीच मुलगी किंवा सून असते. पगार मात्र सरकारी तिजोरीतून येतो.

त्यामुळे तुटीच्या वर्षी कात्री हमखास इथे चालते. २०११ मध्ये ठरलेली २० टक्के तासांची कपात न्यायालयात अडली. तडजोड होऊन जुलै २०१३पासून ८ टक्के तास गेले. हे मला फार अन्यायाचं वाटतं, कारण अंग पुसायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. मग बाई बिनपगारी थांबते, नाहीतर आजोबा तसेच पडून राहतात.

घरोघरी एकेकट्या राबणाऱ्या या बायकांना एकत्र आणणं सोपं नव्हतं. लॉस एंजेलिस काउंटीतल्या सुमारे ७४,००० मदतनिसांना १९९९ मध्ये युनियन मिळाली. कपातीविरुद्धच्या लढ्यात लाभार्थीही त्यांच्या बरोबरीने उतरले. ते तास २०१५ मध्ये परत मिळाले.