केवळ कळफलकाच्या साहाय्याने महाजालाचे वाचन

महाजालावरील एखादे पृष्ठ उघडले की हात आपोआप माउसकडे जातो आणि डोळे पडद्यावर इष्ट जागा शोधू लागतात. ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की, माउसवाचूनही महाजालाचे वाचन होऊ शकते, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. ज्यांना दृष्टी नाही, ज्यांचा हात कंप पावतो, किंवा ज्यांच्या मनगटास माउस धरणे सोसत नाही, अशा कित्येक वाचकांना मात्र कळफलक हाच मुख्य आधार होय. या वाचनाची पद्धती कोणती, ती कशी शिकावी आणि ती कोठे अडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कळफलकाने वाचणे ही मागाहून केलेली सोय असावी, असा समज आढळतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत महाजालाची कल्पना मांडली. तेथेच तयार झालेल्या ‘लाइन मोड’ ब्राउझरमध्ये प्रत्येक दुव्यास क्रमांक असे. तो क्रमांक टंकित केला की पुढील पृष्ठ समोर येई. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात १९९२ मध्ये निर्माण झालेला ‘लिंक्स’ हा ब्राउझर तर मुख्यतः बाणांच्या कळांवर चाले. खालच्या बाणाने पुढचा दुवा गाठावयाचा, उजव्या बाणाने त्यात शिरावयाचे आणि डाव्या बाणाने परतावयाचे. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील ‘मोझेइक’ प्रसृत झाला, त्यानंतर सचित्र पृष्ठ आणि माउस यांची जोडी रूढ झाली.

या दोन वाचनपद्धतींत मूलभूत भेद आहे. माउस वापरणाऱ्यास पृष्ठ हे एक चित्र असते. त्यातील कोणत्याही बिंदूवर तो एकदम जाऊ शकतो. कळफलक वापरणाऱ्यास तेच पृष्ठ म्हणजे एक क्रम असतो. त्या क्रमातील एकच घटक एका वेळी कृतीसाठी सिद्ध असतो; त्यास तंत्रज्ञ ‘फोकस’ म्हणतात व पडद्यावर तो सामान्यतः एखाद्या चौकटीने दर्शविलेला असतो. फोकस या क्षणी कोठे आहे, हे जाणणे ही या विद्येची पहिली पायरी होय.

टॅब ही कळ दाबली की फोकस पुढील दुव्यावर, बटणावर वा रकान्यावर जातो. शिफ्ट धरून टॅब दाबल्यास तो मागे येतो. दुवा एंटरने उघडतो; बटण एंटरने किंवा स्पेसबारने चालते; होकाराची खूण करावयाची चौकट स्पेसबारने भरते. अनेक पर्यायांतून एकच निवडावयाचा असल्यास टॅबने त्या गटात शिरावे व बाणांनी पर्याय बदलावा. तेथे पुन्हा टॅब दाबल्यास पर्याय बदलत नाही, संपूर्ण गटच मागे पडतो. नवशिक्याची गफलत होते ती बहुधा येथेच. मॅक संगणकावरील सफारी ब्राउझरमध्ये टॅबने दुव्यांवर जाण्याची सोय प्रथम सेटिंग्जमधून चालू करून घ्यावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

तथापि केवळ टॅबवर विसंबणे म्हणजे ग्रंथ पानापानाने उलटून एक शब्द शोधण्यासारखे आहे. यासाठी काही आडवाटा माहीत असाव्यात. विंडोज संगणकावर कंट्रोल व ‘एल’ या कळांनी पत्त्याच्या रकान्यात जाता येते. आल्ट व डावा बाण यांनी मागील पृष्ठ येते. सर्वांत उपयुक्त आडवाट शोधाची आहे. कंट्रोल व ‘एफ’ दाबून हव्या त्या दुव्यातील शब्द टंकित करावा, तो सापडल्यावर एस्केप दाबावी आणि मग एंटर. क्रोम व फायरफॉक्स या दोहोंत अशा रीतीने चाळीस-पन्नास टॅबचे अंतर चार-पाच कळांत कापता येते.

दृष्टिहीन वाचकाची पद्धती याहून पुढे जाते. पडद्यावरील मजकूर उच्चारून सांगणाऱ्या आज्ञावलीस ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तंत्रज्ञाने २००६ मध्ये आरंभिलेली ‘एनव्हीडीए’ ही अशी एक विनामूल्य आज्ञावली होय. तीत ‘एच’ दाबताच पुढील शीर्षक, ‘के’ दाबताच पुढील दुवा, ‘टी’ने पुढील कोष्टक आणि ‘एफ’ने अर्जातील पुढील रकाना मिळतो. १ ते ६ हे अंक शीर्षकांचे स्तर दर्शवितात. २ दाबल्यास दुसऱ्या स्तराचे पुढील शीर्षक वाचले जाते. निष्णात वाचक पृष्ठ आरंभापासून ऐकत बसत नाही. आपण अनुक्रमणिका चाळतो त्याप्रमाणे तो प्रथम शीर्षके ऐकतो आणि मग हव्या त्या प्रकरणात उतरतो.

परंतु जे शीर्षक म्हणून नोंदलेलेच नाही, ते ‘एच’ने कसे सापडावे? अक्षरे मोठी व ठळक केली की डोळ्यास शीर्षक दिसते; यंत्रास मात्र तो साधा मजकूरच वाटतो. हीच गोष्ट बटणाची. चौकोन रंगवून त्यावर माउसची टिचकी तेवढी ओळखण्याची व्यवस्था केली, तर टॅब त्यावरून निघून जातो. जणू ते बटण तेथे नाहीच. काही रचनाकार फोकसची चौकट विद्रूप दिसते म्हणून पुसून टाकतात. मग दृष्टी असलेला कळफलक-वाचकही अंधारात चाचपडतो. मराठी पृष्ठांत आणखी एक दोष आढळतो. युनिकोडपूर्व टंकांत बसविलेला मजकूर डोळ्यास शुद्ध देवनागरी दिसतो, परंतु संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक समूह असतो, आणि स्क्रीन रीडर तोच उच्चारतो.

याचे गांभीर्य एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका दृष्टिहीन विद्यार्थिनीने परीक्षेचा अर्ज स्वतः भरत आणला. शेवटी जन्मतारखेची दिनदर्शिका केवळ माउसनेच उघडते, असे निघाले. आता तिला दुसऱ्या कोणास तरी बोलवावे लागते आणि आपला पासवर्ड, बँकेचा तपशील, कदाचित गुणही त्याच्यापुढे उघडे करावे लागतात. एवढे शिकूनही तिचे स्वावलंबन एका रकान्यापाशी संपते. हा दोष तिच्या अभ्यासाचा म्हणता येणार नाही.

प्रत्येक कार्य कळफलकाने करता आले पाहिजे आणि फोकस कोठेही अडकून राहता कामा नये, असे महाजालाच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता-सूत्रांच्या २००८ च्या आवृत्तीने स्पष्टपणे सांगितले आहे. आपल्या देशात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला. अर्थात नियम असणे आणि ते पाळले जाणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

म्हणून या अभ्यासाचे दोन पक्ष मानावयास हवेत. वाचकाने आज्ञा आत्मसात कराव्यात. त्यास काही आठवड्यांचा नित्य सराव पुरेसा व्हावा. लेखकाने व रचनाकाराने आपले पृष्ठ प्रसिद्ध करण्यापूर्वी माउस बाजूस ठेवून ते आरंभापासून अखेरपर्यंत टॅब, एंटर व बाण यांनीच एकदा वापरून पाहावे. या परीक्षेस ना खर्च लागतो, ना विशेष ज्ञान. विद्यापीठातील विभागांनी आपापल्या पृष्ठांवरच तिचा आरंभ करावा, हे उचित होईल.