वर्णभेदाची कबुली : दक्षिण आफ्रिकेतील रिफॉर्म्ड मंडळ्यांचा प्रवास

डच रिफॉर्म्ड चर्च ही दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकानेर, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या समाजाची प्रमुख ख्रिस्ती मंडळी. १९४८ मध्ये नॅशनल पार्टीने सत्तेवर येऊन वर्णभेदाला राज्याचे धोरण बनवले, तेव्हा पंतप्रधान झालेले डी. एफ. मलान हे पूर्वी याच चर्चचे पाळक होते. माणसांना वंशानुसार वेगळे ठेवण्याची रीत मात्र कायद्याच्या कितीतरी आधी या चर्चमध्ये रुजली होती.

१६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने केप येथे ठाणे वसवले आणि तिच्याबरोबर हे चर्चही आले. पुढे गुलाम आणि स्थानिक लोक बाप्तिस्मा घेऊन मंडळीत येऊ लागले, तसा गोऱ्या सभासदांचा विरोध सुरू झाला. एकाच मेजावर सर्वांना प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा पवित्र विधी, द्यावे का, असा प्रश्न १८२९ च्या सिनॉडपुढे, म्हणजे धर्मसभेपुढे आला. रंगावरून फरक करता येणार नाही, असा निर्णय सिनॉडने दिला. १८५७ मध्ये हीच भूमिका सैल झाली. सर्वांनी एकत्र उपासना करणे शास्त्रसंमत आहे हे मान्य करूनही, ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ जिथे अडचण येते तिथे वेगळी उपासना चालवण्याची मुभा देण्यात आली. त्या सवलतीचा लवकरच नियम झाला. १८८१ मध्ये मिश्रवंशीय, म्हणजे ‘कलर्ड’ लोकांसाठी डच रिफॉर्म्ड मिशन चर्च स्थापन झाले. १९६३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मंडळ्यांचे एक वेगळे चर्च उभे राहिले आणि १९६८ मध्ये भारतीय वंशाच्या ख्रिस्ती लोकांसाठी आणखी एक. एकाच पंथाची अशी चार घरे झाली.

या विभागणीला पुढे धर्मशास्त्राचा आधारही देण्यात आला. बाबेलच्या बुरुजाच्या कथेत देवाने माणसांच्या भाषा वेगळ्या केल्या, म्हणून राष्ट्रांचे वेगळेपण ही देवाचीच योजना आहे, असे सांगितले जाई. चर्चच्या १९७४ च्या एका अधिकृत अहवालानेही ‘स्वतंत्र विकासा’च्या, म्हणजे वर्णभेदाच्याच, धोरणाची पाठराखण केली.

गोऱ्या मंडळीतूनही विरोधाचे सूर उमटत होते. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मारली गेली. त्यानंतर डिसेंबरमध्ये जोहान्सबर्गच्या कॉटेस्लो भागात विविध चर्चच्या प्रतिनिधींची परिषद भरली. रंगावरून कोणालाही चर्चमध्ये मज्जाव करता येणार नाही आणि आंतरवंशीय विवाहांवरील बंदीला बायबलचा आधार नाही, असे तिने जाहीर केले. पंतप्रधान फर्वूर्ड यांची त्यावर तीव्र नाराजी झाली आणि डच रिफॉर्म्ड सिनॉडांनी हे निष्कर्ष फेटाळले. ज्यांनी माघार घेतली नाही, त्यांत बेयर्स नॉडे हे पाळक होते. त्यांनी १९६३ मध्ये ‘ख्रिश्चन इन्स्टिट्यूट’ स्थापन केली. त्यापायी त्यांना आपली मंडळी सोडावी लागली आणि १९७७ ते १९८४ या काळात सरकारने त्यांच्यावर बंदीहुकूम लादला.

निर्णायक पाऊल मात्र वेगळ्या काढलेल्या मंडळ्यांनीच उचलले. १९८२ मध्ये जागतिक रिफॉर्म्ड संघाचे अधिवेशन कॅनडात ओटावा येथे भरले. तिथे दक्षिण आफ्रिकेच्या काही कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय प्रतिनिधींनी प्रभुभोजन घेण्यास नकार दिला : मायदेशी ज्या मेजावर बसता येत नाही, तिथली एकी परदेशात दाखवायची कशाला? संघाने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड असल्याचे जाहीर केले, गोऱ्या चर्चचे सभासदत्व स्थगित केले आणि मिशन चर्चचे अ‍ॅलन बुसाक यांना अध्यक्ष निवडले.

त्याच वर्षी केप टाऊनजवळील बेलहार या कलर्ड वस्तीत मिशन चर्चच्या सिनॉडने एका कबुलीनाम्याचा मसुदा तयार केला. १९८६ मध्ये तो स्वीकारला गेला. त्याचे मुख्य मुद्दे तीन आहेत. मंडळीची एकी दिसली पाहिजे, ती नुसती आध्यात्मिक म्हणून चालणार नाही. वंशाच्या नावाखाली माणसांना सक्तीने वेगळे करणारी शिकवण समेटाच्या सुवार्तेला बाधक आहे. आणि देव विशेषकरून दीनदुबळ्यांच्या आणि अन्याय झालेल्यांच्या बाजूने उभा राहतो, म्हणून मंडळीनेही तिथेच उभे राहावे. हा रोख माणसांवर नसून शिकवणीवर आहे, असे सोबतच्या पत्रात स्पष्ट केले होते. दरम्यान, १९८५ च्या ‘कायरोस’ या निवेदनात अनेक धर्मशास्त्र्यांनी न्यायाशिवायचा समेट खोटा ठरवला.

या दबावाखाली गोरे चर्चही हलले. १९८६ मध्ये त्याने सभासदत्व सर्व वंशांना खुले केले, तेव्हा काही सभासदांनी बाहेर पडून पुढच्या वर्षी केवळ गोऱ्यांचे नवे चर्च काढले. नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टेनबर्ग येथील चर्च परिषदेत स्टेलनबॉशचे धर्मशास्त्रज्ञ विली योंकर यांनी स्वतःच्या आणि आपल्या चर्चच्या वतीने वर्णभेदाच्या पापाची जाहीर कबुली दिली. आर्चबिशप डेसमंड टूटू यांनी तिथल्या तिथे क्षमा केली. नुकसानभरपाईचा विषय निघण्याआधीच क्षमा कशी, असा आक्षेप काही कृष्णवर्णीय प्रतिनिधींनी घेतला. १९९७ मध्ये डच रिफॉर्म्ड चर्च वर्णभेदाच्या काळातील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ‘सत्य आणि समेट आयोगा’पुढेही हजर झाले.

कबुलीपेक्षा एकत्र येणे अवघड ठरले. एप्रिल १९९४ मध्ये मिशन चर्च आणि कृष्णवर्णीयांचे चर्च मिळून ‘युनायटिंग रिफॉर्म्ड चर्च’ झाले. काही कृष्णवर्णीय मंडळ्या त्याबाहेर राहिल्या. बेलहार कबुलीनामा हा नव्या चर्चच्या श्रद्धेचा भाग आहे. गोऱ्या चर्चने २०११ नंतर तो स्वीकारण्याची प्रक्रिया सुरू केली, पण प्रादेशिक सिनॉडांमध्ये त्याला पुरेसे बहुमत मिळाले नाही. विलीनीकरणाची चर्चाही रखडत राहिली. यामागे श्रद्धेचे मतभेद आहेत, तसे व्यवहाराचेही प्रश्न आहेत. वंशानुसार वसवलेल्या वस्त्या कायदे रद्द झाल्यावरही बऱ्याच अंशी तशाच राहिल्या, श्रीमंत आणि गरीब मंडळ्यांच्या उत्पन्नात मोठी तफावत आहे आणि उपासनेच्या भाषाही वेगवेगळ्या आहेत.

गोऱ्या चर्चमध्ये हा कबुलीनामा अडला असला तरी बाहेर त्याला मान्यता मिळाली आहे. अमेरिकेतील रिफॉर्म्ड चर्चने २०१० मध्ये आणि प्रेस्बिटेरियन चर्चने २०१६ मध्ये तो आपल्या अधिकृत श्रद्धालेखांत समाविष्ट केला. त्या देशातील वंशभेदाच्या इतिहासाकडे पाहण्यासाठी तो तिथे वाचला जातो.