चौकटींना जोडणारी रेघ

शाळेच्या कार्यालयांत भिंतीवर तीन वेळापत्रकें लावलेलीं असतात: एक वर्गांचें, दुसरें शिक्षकांचें आणि तिसरें खोल्यांचें. सोमवारीं तिसऱ्या तासाला आठवीला गणित कोण शिकविणार, हें पहिल्यांत पाहावें. तो शिक्षक दिवसभर कोठें कोठें जाणार, हें दुसऱ्यांत. आणि कोणत्या खोलींत कोणता तास भरणार, हें तिसऱ्यांत. कागद तीन, परंतु तास एकच. एकादा शिक्षक रजेवर गेला, लेखनिकानें पहिल्या कागदावर नवें नांव घातलें आणि उरलेल्या दोहोंवर घालावयाचें राहून गेलें, म्हणजे काय होतें हें शाळेंत गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. एका वर्गांत दोन शिक्षक समोरासमोर उभे राहतात आणि दुसऱ्या वर्गांत कोणीच न आल्यामुळें मुलें गोंगाट करीत बसतात. ही चूक अज्ञानामुळें होत नाहीं. एकच गोष्ट तीन ठिकाणीं लिहिलेली असते आणि त्या तीन ठिकाणांस जोडणारी रेघ कोठेंच काढलेली नसते, म्हणून ती होते.

शाळेंत या चुकीची किंमत फार तर एका तासाची. परंतु विमान, आगगाडीचें इंजिन किंवा रुग्णालयांतील श्वसनयंत्र यांची रचना करतांना हाच प्रकार घडला, तर तेथें माणसांच्या जिवाचा प्रश्न येतो. अशा यंत्राचे भाग हजारोंनीं मोजावे लागतात. ते रचणारीं माणसें शेंकड्यांनीं असतात, आणि तीं निरनिराळ्या शहरांत, कित्येकदां निरनिराळ्या देशांत बसलेलीं असतात. विजेचें काम पाहणाऱ्याचे नकाशे वेगळे, यांत्रिक भाग पाहणाऱ्याचे वेगळे, आणि यंत्रांतील संगणकासाठीं आज्ञावली लिहिणाऱ्याचे वेगळे. या सर्वांचा मेळ घालण्यासाठीं हल्लीं जीं साधनें संगणकावर वापरतात, त्यांना 'सिस्टिम्स मॉडेलिंग'चीं साधनें म्हणतात. सबंध यंत्रणेची एक प्रतिकृति संगणकांत उभी करावयाची आणि तिचे घटक एकमेकांशीं जोडावयाचे, हें त्यांचें कार्य. पुण्यामुंबईच्या कित्येक घरांतील तरुण मंडळी दिवसभर अशाच चौकटी आणि रेघा काढीत असतात, आणि घरच्या वडील माणसांना तो चित्रकलेचाच एकादा प्रकार वाटतो. वस्तुतः त्यांत चित्राचें महत्त्व थोडें, आणि रेघेचें फार आहे.

प्रथम समजून घ्यावयाचें तें हें, कीं घटक आणि त्याचें चित्र या दोन भिन्न वस्तु आहेत. घटक प्रतिकृतीच्या कोठारांत एकदांच असतो; त्याचीं चित्रें मात्र हवीं तितक्या आकृत्यांत ठेवतां येतात. कोठारांतील घटकाचें नांव बदललें कीं तें सर्व आकृत्यांत एकदम बदलतें. वेळापत्रकाच्या लेखनिकाला हीच सोय हवी होती. नवशिका येथेंच दोन चुका करतो. तोच घटक दुसऱ्या आकृतींत ठेवण्याऐवजीं तो त्याच नांवाची नवी चौकट काढतो. दिसावयास दोन्ही सारख्या; परंतु संगणकाच्या लेखीं त्या दोन निराळ्या वस्तु, जशीं एका वर्गांत एकाच नांवाचीं दोन मुलें. एकीला जोडलेली रेघ दुसरीला लागू होत नाहीं. दुसरी चूक अशी, कीं आकृतींतून चित्र काढून टाकलें म्हणजे घटकही नाहींसा झाला, असें तो समजतो. चित्र गेलें तरी घटक कोठारांत राहतो. उलट, कोठारांतून घटक पुसला तर तो सर्व आकृत्यांतून जातो, आणि त्याला जोडलेल्या रेघाही त्याच्याबरोबर जातात.

आतां या रेघांकडे वळूं. 'राम', 'रावण' आणि 'मारणें' हे तीन शब्द नुसते शेजारीं शेजारीं ठेवल्यानें कोणीं कोणास मारिलें हें कळत नाहीं. तें विभक्तीचे प्रत्यय सांगतात. चौकटींचेंही तसेंच आहे. आज्ञावलींची रचना दाखविण्यासाठीं 'यूएमएल' नांवाची एक चित्रभाषा ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेनें १९९७ सालीं मान्य केली होती. तिच्या आधारानें सबंध यंत्रणांसाठीं 'सिसएमएल' ही भाषा तयार झाली. तिची पहिली आवृत्ति २००७ सालीं प्रसिद्ध झाली आणि नव्यानें रचलेल्या दुसऱ्या आवृत्तीस २०२५ सालीं मान्यता मिळाली. या भाषेंत प्रत्येक रेघेला स्वतःचा अर्थ असतो, आणि तो विभक्तिप्रत्ययाप्रमाणें घटकाघटकांचें नातें सांगतो.

एक घरगुती उदाहरण घेऊं. उंच इमारतींत लिफ्ट असते. तिच्याविषयीं रहिवाशांची अपेक्षा अशी, कीं वीज गेली तरी माणसें दोन मजल्यांच्या मध्यें अडकून पडूं नयेत. ही झाली मूळ आवश्यकता. तीवरून दुसरी निघते: भरलेला पाळणा जवळच्या मजल्यापर्यंत नेण्याइतकी शक्ति राखून ठेवलेली असावी. या दोहोंमधील रेघ 'यापासून निघालें' असें सांगते. पाळणा मजल्यावर आणून दार उघडणें हें एक कार्य आहे. तें कोणी करावयाचें, याची वांटणी करणारी रेघ त्या कार्यापासून नियंत्रकापर्यंत जाते. राखीव बॅटरीपासून आवश्यकतेकडे जाणारी रेघ 'ही गरज भागवितें' असें म्हणते. आणि पाळण्यांत पुरा भार ठेवून मुद्दाम वीज तोडावयाची, या चांचणीपासून निघालेली रेघ 'याची खात्री करून घेतें' असें सांगते.

पुढें कांहीं वर्षांनीं रहिवाशांनीं पाळण्यांत शोभेसाठीं दगडी फरशी बसविण्याचें ठरविलें, असें समजा. फरशी बसविणाऱ्याला बॅटरी दिसत नाहीं. बॅटरी विकणाऱ्याला फरशी दिसत नाहीं. परंतु प्रतिकृतींत पाळण्याच्या वजनाला हात लावतांच त्या वजनापासून निघणाऱ्या रेघा एकामागून एक उजळतात: भाराचा तोल बदलला, म्हणून राखीव शक्तीचा हिशेब पुन्हां करावा, हिशेब बदलला, म्हणून बॅटरी पुन्हां तपासावी, आणि जुनी चांचणी आतां पुरेशी नाहीं. रेघ निर्णय देत नाहीं. कोणाकोणाला विचारल्यावांचून निर्णय घेऊं नये, एवढेंच ती दाखविते.

रेघेची दिशाही महत्त्वाची आहे. नवशिक्याला वाटतें, कीं आवश्यकता आधीं आणि भाग नंतर, म्हणून बाण आवश्यकतेकडून भागाकडे जावा. सिसएमएलच्या पहिल्या आवृत्तींत तो उलट, भागाकडून आवश्यकतेकडे जातो. कारण हा बाण काळाचा क्रम सांगत नसून अवलंबन सांगतो. आवश्यकता बदलली तर भागाचा पुनर्विचार करावा लागतो, म्हणून भाग तिच्यावर अवलंबून आहे. हें ध्यानांत ठेविलें म्हणजे बाणाच्या दिशेविषयीं घोटाळा होत नाहीं.

रेघा पुष्कळ झाल्या म्हणजे त्या आकृतींत पाहणें डोळ्यांना अशक्य होतें. त्यासाठीं त्याच रेघा कोष्टकाच्या रूपानें मांडतां येतात: आडव्या ओळींत आवश्यकता, उभ्या स्तंभांत भाग, आणि जेथें नातें असेल तेथें खूण. या कोष्टकांत खुणांइतकीच रिकाम्या जागांचीही माहिती मिळते. ओळ रिकामी असेल, तर ती गरज भागविणारें कोणीच नाहीं. स्तंभ रिकामा असेल, तर तो भाग यंत्रांत आहे, पण तो कशासाठीं आहे हें कोणासच सांगतां यावयाचें नाहीं. पहिला दोष माणसाच्या चटकन् लक्षांत येतो. दुसरा बहुधा सुटतो, कारण असलेल्या वस्तूला कोणी जाब विचारीत नाहीं.

असा जाब न विचारल्यानें काय होतें, याचें उदाहरण सिसएमएल जन्मास येण्यापूर्वींचें आहे. ४ जून १९९६ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गियानामधील कूरू येथून 'एरियान ५' या युरोपीय अग्निबाणाचें पहिलें उड्डाण झालें. त्यावर पृथ्वीच्या चुंबकीय परिसराचा अभ्यास करण्यासाठीं बनविलेले 'क्लस्टर' नांवाचे चार उपग्रह होते. सुमारें ४० सेकंदांनीं, सुमारें ३७०० मीटर उंचीवर, अग्निबाण एकाएकीं मार्ग सोडून वळला, मोडला आणि नष्ट झाला. फ्रेंच गणिती झाक-लुई लिओंस यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी मंडळ नेमण्यांत आलें आणि त्याच वर्षीं जुलै महिन्यांत त्याचा अहवाल आला.

अग्निबाणाची दिशा व गति सांगणारें उपकरण पूर्वींच्या 'एरियान ४' वरून घेतलेलें होतें. त्यांतील एक आज्ञावली उड्डाणापूर्वीं उपकरण जुळवून ठेवण्याचें काम करी. जुन्या अग्निबाणांत शेवटच्या क्षणीं उलटी मोजणी थांबली, तर पुन्हां जुळणी करण्यांत वेळ जाऊं नये, म्हणून ती उड्डाणानंतरही सुमारें ४० सेकंद चालूं ठेवीत. एरियान ५ ला ही गरजच नव्हती; तरी आज्ञावली तशीच राहिली. कोष्टकाच्या भाषेंत सांगावयाचें, तर हा रिकामा स्तंभ होता.

त्या आज्ञावलींत आडव्या वेगाशीं निगडित अशी एक संख्या ६४ द्विमान स्थानांच्या रूपांतून १६ स्थानांच्या रूपांत आणावी लागे, आणि त्या १६ स्थानांत ३२७६७ हून मोठी संख्या मावत नव्हती. अशा धोक्याच्या सात संख्या होत्या. संगणकावरील भार मर्यादेंत राहावा म्हणून त्यांपैकीं चारांनाच संरक्षण दिलें. उरलेल्या तीन इतक्या मोठ्या होणारच नाहींत, असा हिशेब होता. एरियान ४ च्या मार्गापुरता तो बरोबरच होता. परंतु एरियान ५ चा आडवा वेग पांचपट शीघ्रतेनें वाढत होता. संख्या मावली नाहीं आणि उपकरण बंद पडलें. जोडीला ठेवलेलें दुसरें उपकरण त्याच कारणानें क्षणभर आधींच बंद पडलें होतें. बंद पडतांना निघालेला दोषसूचक मजकूर मुख्य संगणकानें उड्डाणाची खरी माहिती समजून वाचला, आणि अग्निबाणाचीं तोंडें एका बाजूस पूर्ण वळविलीं.

यांत मूर्ख असा कोणीच नव्हता. तीन संख्या उघड्या ठेवण्याचा निर्णय विचारपूर्वक, संमतीनें झालेला होता. परंतु त्या निर्णयाचें कारण आज्ञावलीच्या मजकुरांत नोंदलेलें नव्हतें. कागदपत्रांच्या ढिगांत तें झांकून गेलें होतें, असें मंडळास आढळलें. शिवाय एरियान ५ च्या मार्गाची माहिती या उपकरणाच्या आवश्यकतांत घालावयाची नाहीं, असेंही ठरलें होतें. म्हणजे निर्णय आणि तो ज्याच्या बळावर घेतला तो जुना मार्ग, यांना जोडणारी ठळक रेघ नव्हती. आणि उपकरण व नवा मार्ग यांच्यांत तर रेघ येऊंच दिली नव्हती. उपकरण एका अग्निबाणावरून दुसऱ्यावर गेलें. त्याच्याबरोबर त्याच्या अटी मात्र गेल्या नाहींत.

संगणकावरील साधन असतें तर हा अनर्थ खात्रीनें टळला असता, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. रेघ माणसालाच काढावी लागते. काम पुरें दिसावें म्हणून ज्याला त्याला 'संबंधित' अशा मोघम रेघेनें जोडून टाकलें, तर कोष्टक खुणांनीं भरतें आणि कोणती खूण खरी हें कळेनासें होतें. जी रेघ कोणत्या कारणानें काढली हें सांगतां येत नाहीं, ती न काढलेली बरी. आणि काढलेली रेघही कायमची खरी राहत नाहीं. तिच्या एका टोकाला बदल झाला, कीं दुसऱ्या टोकाला जाऊन विचारपूस करावी लागते. कित्येक साधनें अशा वेळीं त्या रेघेवर संशयाची खूण करतात; ती खूण पाहून उठणें हें मात्र माणसाचें काम.

क्लस्टरसाठीं पुढें चार उपग्रह नव्यानें सिद्ध करावे लागले, आणि २००० सालच्या जुलै व ऑगस्ट महिन्यांत ते बैकानूर येथून सोडण्यांत आले. त्यांनीं आपलें काम उत्तम केलें. परंतु मध्यंतरीं चार वर्षें गेलीं. तेव्हां घरांतील मुलगा किंवा मुलगी दोन चौकटींमधील एका रेघेसाठीं तासभर डोकें धरून बसलेली दिसली, तर तो वेळ वायां जात आहे असें समजूं नये. ही वस्तु येथें कां आहे, आणि कोणत्या अटीवर आहे, हें पुढें कधीं तरी तिला हात लावणाऱ्या अनोळखी माणसासाठीं तेथें लिहून ठेवलें जात असतें.