बंद पडलेल्या ट्रॅक्टरचे स्मरणरंजन : धाराशिव जिल्ह्यातील ‘एच.एम.टी.’च्या संदर्भात

प्रस्तावना :

‘स्मरणरंजन’ ही संज्ञा मराठीत प्रामुख्याने ललित गद्याच्या संदर्भात वापरली जाते. गाव, वाडा, आजोळ, शाळा हे तिचे नेहमीचे विषय होत. यंत्राविषयी, त्यातही शेतातील ट्रॅक्टरविषयी, अशी भावना असू शकते याकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. वस्तुतः धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात जुने ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एखाद्या गॅरेजसमोर घटकाभर उभे राहिले, तर ‘एकोणसाठ अकरा’ हा शब्द कानी पडण्याची बरीच शक्यता असते. एच.एम.टी.च्या 5911 या ट्रॅक्टरचे ते बोलीतील नाव. ज्या कारखान्यात तो तयार होत असे, तो बंद करण्याचा निर्णय 2016 मध्ये झाला. तरीही त्याचा उल्लेख करताना बोलणाऱ्याचा स्वर बदलतो. हा स्वर नेमका कशासाठी बदलतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

‘नॉस्टॅल्जिया’ हा मूळचा वैद्यकातील शब्द आहे. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने 1688 मध्ये बाझेल येथील आपल्या प्रबंधात घराच्या ओढीने येणाऱ्या आजाराला हे नाव दिले. पुढे स्वेतलाना बॉइम यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार मानले. गेलेले जसेच्या तसे परत आणू पाहणारे एक, आणि गेलेल्याकडे अंतर राखून, त्यातील विसंगतींसह पाहणारे दुसरे. आपल्या विषयाला हा भेद उपयुक्त आहे, कारण एच.एम.टी.च्या आठवणीत हे दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळलेले आढळतात.

स्वदेशी म्हणून आठवले जाणारे परदेशी यंत्र :

हिंदुस्थान मशीन टूल्स ही केंद्र शासनाची कंपनी 1953 मध्ये बंगळूर येथे स्थापन झाली. सामान्य माणसाला ती माहीत झाली ती मनगटी घड्याळांमुळे. ग्रामीण महाराष्ट्रात या तीन अक्षरांना किती पत होती याचे एक उदाहरण सर्वपरिचित आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील दादाजी खोब्रागडे यांनी निवड पद्धतीने विकसित केलेल्या भाताच्या वाणाला ‘एच.एम.टी.’ हे नाव मिळाले, ते या घड्याळांवरूनच. भाताला घड्याळाचे नाव देणारा समाज ट्रॅक्टरवर तेच नाव पाहून विश्वास ठेवणार, हे उघड आहे.

हरियाणातील पिंजोर येथील कारखान्यात ट्रॅक्टरनिर्मितीला 1971 मध्ये प्रारंभ झाला. तंत्रज्ञान मात्र चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथील ‘झेटर’चे होते. 1946 मध्ये सुरू झालेल्या या नाममुद्रेत कारखान्याच्या आद्याक्षराचा चेक उच्चार ‘झेट’ आणि ‘ट्रॅक्टर’ या शब्दाची अखेरची दोन अक्षरे यांची जोड आहे. 2511, 3511, 5911 या क्रमांकांतील पहिले दोन अंक साधारणतः अश्वशक्ती दर्शवितात. म्हणून शेतकऱ्याने या संख्या ‘पंचवीस अकरा’, ‘पस्तीस अकरा’ अशा फोडून वाचल्या, ते योग्यच होते.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. जुने लोक एच.एम.टी.ला ‘सरकारी, आपला’ ट्रॅक्टर म्हणून आठवतात. परंतु त्याच सुमारास दुर्गापूर येथील केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने संपूर्ण भारतीय आराखड्याचा ट्रॅक्टर सिद्ध केला होता. केंद्राने एच.एम.टी.साठी झेटरचे तंत्रज्ञान पसंत केले, आणि दुर्गापूरचा आराखडा पंजाब राज्याने पुढे नेला. 1974 पासून मोहालीत तयार होऊ लागलेला तो ट्रॅक्टर म्हणजे ‘स्वराज’. हा शोधाने स्वदेशी असलेला ट्रॅक्टर आज एका खासगी समूहाकडे आहे व जोमाने विकला जातो. त्यामुळे त्याच्याविषयी कोणी हळहळत नाही. स्मरणरंजनाला वस्तुस्थितीपेक्षा हरवलेपण अधिक लागते, ते असे.

काळी जमीन, हराळी आणि इर्जिक :

धाराशिव जिल्ह्यातील भारी काळ्या जमिनीत हराळी व कुंदा ही तणे खोलवर मुळे धरतात. ती काढायची तर उन्हाळ्यात खोल नांगरट हवी. लोखंडी नांगराला सहा किंवा आठ बैल जुंपावे लागत, आणि इतके बैल एका घरी क्वचितच असत. म्हणून ‘इर्जिक’ घातली जाई. शेजारीपाजारी आपापल्या बैलजोड्या घेऊन येत, एकाच्या रानात सर्व मिळून काम करीत व रात्री त्याच्याकडे जेवण होई. 1972 च्या दुष्काळाने पशुधनाचा कणा मोडला. त्यानंतरच्या काळात ट्रॅक्टर आला तो इर्जिकीची जागा घेत. तासावर किंवा एकरावर भाडे ठरले. शेजाऱ्याचे ऋण श्रमाने फेडण्याऐवजी रोखीने फिटू लागले.

म्हणजेच आज ज्याची आठवण काढली जाते, त्या ट्रॅक्टरनेच आधीच्या पिढीच्या आठवणीचा विषय संपविला होता. बैल गेल्याचे दुःख आजोबांना होते, एकोणसाठ अकरा गेल्याचे वडिलांना आहे. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणीच्या अवजारालाच ‘जुने ते सोने’ म्हणते असे म्हणून हा विषय संपविता येईल. पण तसे करणे घाईचे ठरेल. या ओढीत निव्वळ वयाचा भाग नसलेले असे काही आहे, आणि ते यंत्राच्या रचनेत शोधावे लागते.

मिस्त्रीचे ज्ञान :

झेटरच्या मूळ मालिकेचे वैशिष्ट्य म्हणजे भागांचे एकीकरण. दोन, तीन व चार सिलिंडरच्या इंजिनांत अनेक सुटे भाग सामाईक होते. लहान ट्रॅक्टर उघडून शिकलेल्या मिस्त्रीला मोठा ट्रॅक्टर परका वाटत नसे. इंधन पंप पूर्णतः यांत्रिक, विजेच्या तारा मोजक्या. बिघाड कुठे आहे हे आवाजावरून, सायलेन्सरच्या धुराच्या रंगावरून आणि तेलाला बोट लावून ओळखता येई. काळा धूर, पांढरा धूर, निळा धूर यांचे तीन वेगळे अर्थ गॅरेजमधील पोराला पहिल्या वर्षी शिकविले जात. ही एक प्रकारची साक्षरताच होय, जरी तिची परीक्षा कोणत्याही विद्यापीठाने घेतली नाही.

50 अश्वशक्तीहून अधिक क्षमतेच्या नव्या ट्रॅक्टरांना 1 जानेवारी 2023 पासून अधिक कडक प्रदूषण मानके लागू झाली. त्यासाठी इंधन फवारणीचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाले. ही मानके आवश्यकच आहेत. जुन्या इंजिनाचा धूर ज्याच्या तोंडावर आला, तो हे नाकारणार नाही. परंतु एकोणसाठ अश्वशक्तीचे यंत्र आता गावच्या मिस्त्रीला पान्याने उघडून समजत नाही. त्यासाठी कंपनीचे संगणकीय उपकरण लागते. दुरुस्तीचा निर्णय गावातून शोरूममध्ये गेला. एच.एम.टी.विषयीची हळहळ मुख्यतः या गेलेल्या अधिकाराविषयीची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. फोर्ड 3600 विषयीही हेच ऐकू येते, यावरून प्रश्न केवळ एका कंपनीचा नाही हे दिसते.

सातबारावरील आठवण :

तथापि या आठवणीला दुसरी बाजू आहे, आणि ती गॅरेजसमोर सहसा बोलली जात नाही. ट्रॅक्टर रोखीने घेणारे थोडे. बहुतेकांनी कर्ज काढले; त्यात भूविकास बँकेचे दीर्घ मुदतीचे कर्ज हा एक प्रमुख मार्ग होता. जमीन गहाण पडे, सातबाराच्या इतर हक्कांत बोजा चढे. बारमाही पाण्याच्या अटीमुळे मुळात ज्याच्याकडे विहीर व बागायत होती त्यालाच हे कर्ज मिळे. हप्ते फिटणार ते उसाच्या वाहतुकीवर, हा हिशेब होता. ढोकीच्या तेरणा सहकारी साखर कारखान्यासारखे कारखाने चालू असेपर्यंत दोन ट्रॉल्या जोडून ऊस ओढणारा ट्रॅक्टर हंगामात पैसा मिळवी. पावसाने दगा दिला, ऊस आटला, कारखान्याचे गाळप थांबले, की हिशेब कोलमडे. बोजा मात्र राही.

पुढे या व्यवस्थेचा एकेक खांब पडत गेला. भूविकास बँका अवसायनात निघाल्या. तेरणा कारखाना अनेक वर्षे बंद राहून नंतर भाडेतत्त्वावर सुरू झाला. ऑक्टोबर 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास मान्यता दिली. कामगारांचे थकीत वेतन व स्वेच्छानिवृत्ती यांची तरतूद त्याच निर्णयात होती. भूविकास बँकेच्या थकबाकीदारांची कर्जे राज्य शासनाने माफ केली ती 2022 मध्ये. ट्रॅक्टर भंगारात गेला, करणारी कंपनी बंद झाली, कर्ज देणारी बँक उरली नाही, आणि तरीही काही सातबारांवर तो ट्रॅक्टर एका ओळीच्या रूपाने तोवर उभाच होता.

म्हणून ‘त्या काळी बरे होते’ हे विधान ऐकताना ते कोण करीत आहे हे पाहिले पाहिजे. मालकाला नांगराचा खोल तास आठवतो. चालकाला जड स्टेअरिंग आणि रात्रभर कारखान्याच्या काट्यावर लागलेली रांग आठवते, जरी त्या रांगेतल्या गप्पांसाठी तोही हळवा होतो. ज्याने कोरडवाहू चार एकर भाड्याने नांगरून घेतले, त्याला आठवते ते आपला नंबर सर्वांत शेवटी लागल्याचे. घरातील स्त्रीला ट्रॉली आठवते : लग्नाच्या वऱ्हाडाची, येरमाळ्याच्या चैत्री यात्रेची, आणि ऊसतोडीच्या हंगामात बिऱ्हाड भरून निघालेली. एकाच यंत्राच्या या आठवणी एका सुरात बसत नाहीत, आणि अभ्यासकाने त्या बसवूही नयेत.

यांपैकी मिस्त्रीची आठवण सर्वांत आधी नाहीशी होईल, कारण ती कागदावर कुठेच नाही. सातबारा तलाठ्याकडे आहे, मंत्रिमंडळाचा निर्णय दिल्लीत आहे. पण कोणत्या आवाजाला कोणता वॉल्व्ह कारण असतो हे साठी ओलांडलेल्या काही माणसांच्या कानात आहे. त्यांच्या हाताखाली शिकणारी मुले आता नव्या गाड्यांकडे वळली आहेत. अजून चालू असलेल्या एकोणसाठ अकराचा मालक मात्र सुटा भाग मिळाला नाही, की भंगारातील दुसऱ्या एकोणसाठ अकराच्या शोधात याच माणसांकडे येतो.